‘आम्ही काहीच साठवत नाही’ : सर्च इंजिन बदलण्याचे पाच महिने

जानेवारीत ताईच्या मानेत गाठ सापडली. 9 तारखेला सोनोग्राफी झाली, लगेच सुईने नमुना घेतला आणि रिपोर्टला पाच दिवस लागतील असं सांगितलं. ते पाच दिवस फोन माझ्या हातातून सुटला नाही. थायरॉइडची गाठ, गाठीच्या कडा अस्पष्ट म्हणजे काय, बेथेस्डा श्रेणी म्हणजे काय, कोणत्या श्रेणीत किती धोका. रात्री दोनला उठून पुन्हा तेच. घरात हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. रिपोर्ट आल्याशिवाय आईला काही कळू द्यायचं नाही, असं ताईने बजावलं होतं.

चौथ्या दिवशी टॅबलेट बघता बघता आईने विचारलं, “अगं, ही कॅन्सरच्या विम्याची जाहिरात मला सारखी का येतेय?”

टॅबलेट आईचा, पण त्यावर खातं माझं. दोन वर्षांपूर्वी मीच लॉग-इन करून दिलं होतं. ती जाहिरात माझ्या सर्चमुळे आली, की सर्चनंतर उघडलेल्या एखाद्या साइटमुळे, की निव्वळ योगायोगाने, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या क्षणी मात्र माझ्या पोटात गोळा आला. काहीतरी सांगून वेळ मारून नेली. 14 तारखेला रिपोर्ट आला: बेथेस्डा 2, म्हणजे साधी गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. ताई तिच्या कामाला लागली. माझ्या डोक्यातून मात्र आईचा तो प्रश्न गेला नाही.

‘आम्ही काहीच साठवत नाही’ असं सांगणारी सर्च इंजिनं पारखत पुढचे पाच महिने मी काय काय केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी संगणकक्षेत्रातली नाही. मला जिथे अडलं, तिथे तुम्हालाही अडेल, म्हणून बारीकसारीक गोष्टीही ठेवल्या आहेत.

सगळ्यात आधी मी इनकॉग्निटोचा, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीचा, आसरा घेतला. आठवडाभर सगळे सर्च तिथेच केले आणि निर्धास्त झाले. मग कळलं की ती खिडकी बंद केली की फक्त माझ्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) जातात. पलीकडच्या सर्व्हरला माझा आयपी पत्ता (माझ्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि मी लिहिलेले शब्द दिसायचे ते दिसतातच. घरातल्या माणसांपासून लपायला ती ठीक आहे, एवढंच.

2 फेब्रुवारीला, रविवारी, मी माझ्या नेहमीच्या सर्च इंजिनकडून माझी सगळी नोंद मागवली. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेटा डाउनलोड करा’ अशी सोय असते. फक्त सर्चची नोंद निवडा, नाहीतर फोटोंसकट सगळं येतं आणि फाइल उघडता उघडत नाही. सकाळी अर्ज केला, रात्री मेलवर दुवा आला. असे दुवे थोडेच दिवस चालतात, तेव्हा आला की लगेच उतरवून घ्या.

फाइल ब्राउझरमध्ये उघडली. एका ओळीत शब्द, खाली तारीख आणि वेळ. 2014 पासूनचं सगळं. पाककृती, बसच्या वेळा, शब्दांचे अर्थ, असं खाली खाली जात मी 2019 च्या मार्चपर्यंत पोहोचले. बाबांची शेवटची रात्र. 3.12 ला ‘श्वास घरघरतो कारण’. 3.15 ला ‘श्वास घरघरतो किती तास’. 3.40 ला पुन्हा तेच, टायपिंगच्या चुकीसकट. त्या रात्री मी कोणाशीही बोलले नव्हते. त्या शोधपेटीशी बोलले होते, आणि ते बोलणं जसंच्या तसं सांभाळून ठेवलेलं होतं. मी लॅपटॉप बंद केला. दोन दिवस त्याला हात लावला नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं आधी मीही म्हणायचे. त्या आठवड्यात एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या 2006 सालच्या प्रकरणाबद्दल वाचलं. त्या कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले सुमारे 2 कोटी सर्च अभ्यासकांसाठी खुले केले होते. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक. पण 4417749 या क्रमांकाच्या सर्चमध्ये गावाचं नाव होतं, आडनाव होतं, दुखणी होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी त्यावरून थेट 62 वर्षांच्या त्या बाईंचं घर गाठलं. माझी फाइल बघितल्यावर मला यात काही नवल वाटलं नाही. माझं नाव पुसलं तरी त्या ओळी माझ्याच आहेत, हे मला ओळखणारं कोणीही सांगेल.

8 फेब्रुवारीला ‘साठवत नाही’ म्हणणाऱ्या इंजिनांतलं डकडकगो सुरू केलं. ते 2008 पासून आहे आणि सर्वांत जास्त ऐकलेलं नाव तेच होतं. लॅपटॉपवर बदल दोन मिनिटांत झाला. फोनवर मात्र तीन ठिकाणी बदलावं लागतं: ब्राउझरची सेटिंग, होम स्क्रीनवरची शोधपट्टी आणि बोलून शोधण्याची सोय. पहिलं बदललं की काम झालं असं वाटतं आणि बोट सवयीने जुन्याच पट्टीवर जातं. माझे चार दिवस असेच गेले. ती पट्टी होम स्क्रीनवरून काढूनच टाका.

इंग्रजी सर्चमध्ये फारसा फरक जाणवला नाही. मराठीत जाणवला. ‘गुडघेदुखी’ लिहिलं की बरे निकाल यायचे, ‘गुडघेदुखीवर व्यायाम’ लिहिलं की पानभर भलतंच. प्रत्यय लावला की त्याला शब्द ओळखू येत नसावा. म्हणून मी शब्द सुटे, मूळ रूपात लिहायला लागले: ‘गुडघा दुखणे व्यायाम’. याने बरंच काम भागतं.

तरीही अडलं की मी तिथली एक युक्ती वापरायचे: सर्चच्या आधी उद्गारचिन्ह आणि इंग्रजी जी लिहिलं की तोच सर्च गूगलवर होतो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की साधारण दर तिसरा सर्च मी असाच करते आहे, आणि तो करताना डकडकगो मला सरळ गूगलच्या पानावर नेऊन सोडतं. तिथे माझं खातं उघडंच होतं. म्हणजे मधे कोणी आडोसा वगैरे नव्हता, फक्त वळसा होता. त्या दिवशी मी ब्राउझरमधून खात्यातून बाहेर पडले आणि मेल बघायला दुसरा ब्राउझर ठेवला.

याच काळात रात्री जेवण झालं की मी वाचत बसायचे: हे लोक कोण, निकाल कुठून आणतात, पैसे कुठून येतात. जसजशी वाचत गेले तसतशी खचत गेले, हे खरं.

डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनकडून येतात, जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्याच. 23 मे 2024 ला बिंग बंद पडलं तेव्हा त्याच्याबरोबर डकडकगो आणि इकोसियाही कोलमडले, इतका तो आधार मोठा आहे. त्याआधी, मे 2022 मध्ये, एका संशोधकाने दाखवून दिलं की डकडकगोचा ब्राउझर बाकीच्यांचे ट्रॅकर (आपण कुठे काय बघतो ते टिपणारे कोड) अडवतो, पण इतर साइटवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर सोडतो, कारण दोघांच्या करारात तशी अट होती. ऑगस्ट 2022 मध्ये कंपनीने तेही अडवायला सुरुवात केली. ही गोष्ट ब्राउझरची होती, सर्चची नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. पण बाहेरच्या माणसाने बोट ठेवेपर्यंत ती अट वापरणाऱ्यांना माहीत नव्हती. मला ट्रॅकरपेक्षा ते गप्प राहणं जास्त लागलं.

मग स्टार्टपेज. नेदरलँड्सचं. ते तुमचा सर्च स्वतःच्या सर्व्हरवरून गूगल, बिंगसारख्या इंजिनांकडे नेतं आणि निकाल आणून देतं, तुमचा आयपी पत्ता पुढे देत नाही. त्याच लोकांच्या आधीच्या इक्सक्विक या सेवेने आयपी पत्ते थोड्याच वेळात पुसायला 2006 मध्येच सुरुवात केली होती, एओएलचं प्रकरण झालं त्याच वर्षी, आणि 2009 मध्ये ते नोंदवणंच बंद केलं. हे वाचून मी सुखावले, आणि पुढच्याच पानावर कळलं की 2019 मध्ये सिस्टम1 या जाहिरात व्यवसायातल्या कंपनीच्या उपकंपनीने त्यात मोठी गुंतवणूक केली. ब्राउझर आणि सर्च इंजिन दोन्ही बनवणाऱ्या ब्रेव्हचं बघितलं, तर 2020 मध्ये त्यांचा ब्राउझर काही क्रिप्टो साइटचे पत्ते पूर्ण करताना स्वतःचा कमिशनचा कोड जोडत होता. ओरड झाल्यावर माफी मागून काढला.

म्हणजे स्वच्छ पाटी कोणाचीच नव्हती. एका रात्री मी चिडून सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात नेटवर्कचं काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, “तू त्यांची पत्रिका बघत बसलीयस. तुझ्या मशीनमधून बाहेर काय जातं, ते आधी बघ ना.”

23 फेब्रुवारीला तो घरी आला. त्याने लॅपटॉपवर एफ12 दाबलं, ‘नेटवर्क’ नावाचा कप्पा उघडला आणि म्हणाला, “आता सर्च कर, पण एंटर दाबू नकोस.” मी ‘थ’ लिहिला. कप्प्यात एक ओळ उमटली. काना दिला, दुसरी ओळ. ‘थायरॉइड’ पूर्ण होईपर्यंत ओळींची रांग लागली. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ब्राउझर तीन बाइटमध्ये पाठवतो, म्हणून एकटा ‘थ’सुद्धा तिथे टक्केचिन्हं आणि अंक-अक्षरं मिळून नऊ चिन्हांचा दिसतो. प्रत्येक ओळ आधीचीपेक्षा थोडी लांब. मी पुढे ‘कॅन्सर’ लिहिलं आणि खोडलं. एंटर दाबलाच नव्हता, तरी ‘कॅन्सर’ केव्हाच निघून गेलेला होता.

या ओळी म्हणजे शोधपेटीखाली सूचना दाखवण्यासाठी केलेल्या विनंत्या. सूचना द्यायच्या तर अक्षरं पाठवावीच लागणार, त्यात काही लपवाछपवी नाही. पण मनात आलेली आणि मी स्वतःच मागे घेतलेली गोष्टही बाहेर जाते, हे मला माहीत नव्हतं. सूचना दोन ठिकाणी बंद कराव्या लागतात: सर्च इंजिनच्या सेटिंगमध्ये आणि ब्राउझरच्याही, कारण वरच्या पत्त्याच्या पट्टीत लिहिलेलं सूचनांसाठी तुमच्या डीफॉल्ट इंजिनकडे जाऊ शकतं. पहिले काही दिवस हात आखडल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

त्याच संध्याकाळी बाकीचंही बघितलं. डकडकगोच्या कुकी तपासल्या, तर मी बदललेल्या रंगाच्या आणि प्रदेशाच्या सेटिंगच्या छोट्या नोंदी होत्या. मला ओळखण्यासाठी दिलेला लांबलचक क्रमांक दिसला नाही. सर्चचे शब्द पानाच्या पत्त्यात येतात, म्हणून ते ब्राउझरच्या हिस्टरीत राहतात. स्टार्टपेज ते पत्त्यात आणत नाही, हे बरं वाटलं. इंटरनेट पुरवणाऱ्याला मी कोणत्या साइटवर गेले ते कळतं, तिथे काय लिहिलं ते कळत नाही.

आणि मग मित्राने एका आरोग्यविषयक साइटच्या निकालावर क्लिक केलं. सर्चच्या पानावर मोजक्या ओळी होत्या. इथे कप्पा धो धो भरायला लागला. विनंत्यांचा आकडा शंभरावर गेला, डझनावारी वेगवेगळी नावं, त्यांतली बहुतेक जाहिरात आणि मोजमाप करणाऱ्यांची. पानाच्या पत्त्यातच आजाराचं नाव होतं. मी इतके दिवस सर्च इंजिनवर राग धरून बसले होते आणि गळती पुढच्या दारातून चालू होती. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं ब्राउझरमधलं जोडसाधन मी त्याच रात्री बसवलं. सर्च इंजिन बदलायचा कंटाळा असेल, तर निदान एवढं तरी आजच करा. स्टार्टपेजवर निकालाशेजारी ‘अनॉनिमस व्ह्यू’ असा दुवा असतो. त्यातून उघडलं तर साइटला तुमच्याऐवजी त्यांचा सर्व्हर दिसतो. पान थोडं हळू उघडतं, कधी मांडणी विस्कटते, वाचायला पुरतं.

सर्व्हरवर पुढे काय होतं, ते मात्र एफ12 मधून दिसत नाही. मित्रालाही नाही, कोणालाच नाही. म्हणून 3 मार्चला मी दोन कंपन्यांना मेल लिहिले. नावं देत नाही, कारण मुद्दा एकट्यादुकट्या कंपनीचा नाही. तीन प्रश्न विचारले. माझ्याबद्दल काय साठवलं आहे? आयपी पत्ता किती वेळ राहतो? बाहेरच्या कोणी तुमचे सर्व्हर तपासले आहेत का?

एकीचं उत्तर सहा दिवसांत आलं. सभ्य आणि सविस्तर: सर्च कोणत्याही व्यक्तीशी जोडून ठेवत नाही, त्यामुळे तुमची नोंद शोधून देणं शक्य नाही. तिसऱ्या प्रश्नाला बगल. मी ते उत्तर चार वेळा वाचलं. ते खरं असेल, तरी असंच दिसणार आणि खोटं असेल, तरी असंच दिसणार. नसलेल्या वहीचा पुरावा मागायचा कसा? दुसरीकडून काहीच आलं नाही. 4 एप्रिलला आठवण केली, तेव्हा ‘तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढं आलं.

दरम्यान कागी हे पैसे देऊन वापरायचं इंजिन करून बघितलं. आधी 100 सर्च मोफत मिळाले, ते चार दिवसांत संपले. मग महिन्याला 300 सर्चचा 5 डॉलरचा प्लॅन घेतला. अमर्याद हवे असतील तर 10 डॉलर. जाहिरात नाही, निकाल नीटस, आणि धंदा सरळ: मी गिऱ्हाईक, ते दुकानदार. पण त्यासाठी खातं उघडावं लागतं, मी तर कार्डही दिलं. म्हणजे ज्या इंजिनला माझं नाव सर्वांत नीट कळू शकतं ते हेच. यावर त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ‘प्रायव्हसी पास’ आणला होता: तुम्ही पैसे भरलेत एवढंच सिद्ध करणारं टोकन, कोण आहात ते न सांगणारं. कल्पना मला फार आवडली. माझे 300 सर्च मात्र एकोणिसाव्या दिवशी संपले आणि दरमहा 10 डॉलर मला जड वाटले. पैसे न देता खाजगीपण मागणाऱ्या आपल्यासारख्यांची सोय कोणीतरी जाहिरातीतूनच करणार, हे मात्र तिथे नीट उमगलं.

मोजीक आणि ब्रेव्ह सर्च यांची खासियत ही की दोघांचा स्वतःचा इंडेक्स, म्हणजे वेबवरच्या पानांची सूची, आहे. ब्रेव्हने 2023 मध्ये बिंगचा आधार सोडला. म्हणजे माझे शब्द निकालांसाठी तिसऱ्याकडे जात नाहीत. मोजीकवर मराठीत जवळजवळ काहीच सापडलं नाही, ब्रेव्हवर कामापुरतं सापडलं. एप्रिलच्या एका शनिवार-रविवारी मित्राच्या मदतीने सर्क्सएनजीही (इतर इंजिनांना विचारून निकाल एकत्र करणारं मोफत सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर बसवून बघितलं. वापरणारी मी एकटीच असल्याने सगळे सर्च त्या एकाच पत्त्यावरून जात होते. गर्दीच नसेल तर लपणार कुठे? शिवाय मागची इंजिनं सारखी अडवत होती. सोडून दिलं.

मेपर्यंत माझं मन स्थिर झालं. हे लोक माझी वर्षानुवर्षांची फाइल तयार करत नसावेत, यावर मी विश्वास ठेवते. वचन मोडलं तर त्यांचा धंदाच बसेल, आणि माझ्या मशीनवर जेवढं तपासता येतं तेवढं त्यांच्या बोलण्याशी जुळलं. त्यांच्या सर्व्हरला माझा पत्ता कधी दिसणारच नाही, यावर मात्र नाही, कारण पत्ता दिसल्याशिवाय उत्तर परत पाठवता येत नाही. म्हणून माझी सध्याची रीत अशी: रोजचं डकडकगोवर, सूचना बंद, जाहिरातीही सेटिंगमधून बंद. मराठीत अडलं तर स्टार्टपेज. आजारपण, पैसे, कायदा असलं काही असेल तर टॉर ब्राउझर. तो विनंती अनेक सर्व्हरवरून फिरवून नेतो, म्हणजे पत्त्याचाही प्रश्न मिटतो. त्यात डकडकगोच ठरलेलं असतं. हळू चालतं. अशा सर्चना घाई नसतेच फारशी, आपल्यालाच ती असते.

11 मे रोजी जुन्या खात्यातली सगळी नोंद पुसली. ‘कायमचं हटवायचं का?’ असं विचारलं तेव्हा मी थांबले, त्या मार्चच्या रात्रीच्या अकरा ओळी वहीत हाताने उतरवून घेतल्या, वेळेसकट. मग होय म्हटलं. पुढची नोंद ठेवणंही तिथेच बंद केलं. हे वेगळं बटण आहे, नुसतं पुसून भागत नाही. आईच्या टॅबलेटवर आता आईचं स्वतःचं खातं आहे. तिला सगळं सांगितलं, गाठीचंसुद्धा. ती दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही.

जूनमध्ये ताईच्या फोनवरही हे सगळं लावून दिलं. तिची सोनोग्राफी जुलैत आहे, आणि त्याआधी ती काय काय शोधत बसणार ते मला माहीत आहे. सूचना बंद केल्याचं तिला आवडलेलं नाही. “पूर्ण लिहावं लागतं गं आता,” म्हणाली.

दुसऱ्या कंपनीच्या ‘संबंधित विभागा’कडून अजून काही आलेलं नाही. 15 जूनला तिसरा मेल पाठवला आहे. या वेळी एकच प्रश्न ठेवला: तुमच्याकडच्या जाहिरातीवर क्लिक केलं तर माझा आयपी पत्ता जाहिरात देणाऱ्या कंपनीकडे किती दिवस राहतो? उत्तर आलं की इथेच खाली तारखेसकट लिहीन.